घरून काम करताना २५ मिनिटांची पोमोडोरो पद्धत खरंच उपयोगी पडते का? (ठाणे)

हो, पण २५ च्या आकड्याला चिकटून राहू नका. फ्रांचेस्को चिरिल्लो यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस टोमॅटोच्या आकाराच्या टायमरवर ही पद्धत बसवली: २५ मिनिटं काम, ५ मिनिटं सुट्टी, चार फेऱ्यांनंतर १५ ते ३० मिनिटांची मोठी विश्रांती. ईमेल, हिशेब यांना २५ पुरतात; कोडिंग किंवा लेखनासाठी मी ५० घेते, मग १० मिनिटं सुट्टी.

खरी मेख सुट्टीतच आहे. मोबाइल हातात घेतलात की डोक्याला विश्रांती मिळतच नाही. त्यापेक्षा उठा, पाणी प्या, बाल्कनीत उभं राहा. मोठ्या सुट्टीत, नौपाड्यात राहत असाल तर तलावपाळीला चक्कर मारा. घोडबंदरला सोसायटीचं आवारही चालेल. आणि टायमर शक्यतो फोनवर लावू नका, साधं स्वयंपाकघरातलं घड्याळ घ्या.