शहरातल्या मधमाश्या कमी होतायत, मग गच्चीवर मधपेटी ठेवली तर उपयोग होईल का?

मला विचाराल तर पेटी नका ठेवू. तुमची तळमळ मला अगदी पटते, पण पेटीतली माशी पाळीव आहे, तिची काळजी घ्यायला माणसं आहेत. हाल चाललेत ते बाकीच्यांचे. जगात मधमाश्यांच्या वीस हजारांहून जास्त जाती आहेत आणि त्यातल्या बहुतेक एकेकट्या राहतात, ना पोळं ना मधाचा साठा, बऱ्याचशा तर सरळ जमिनीत बीळ करून अंडी घालतात. आता शहरात फुलं आधीच कमी, त्यात एका पेटीतून हजारो माश्या बाहेर पडल्या की या एकट्या माशीने खायचं काय? पॅरिसमध्ये हे तपासून झालंय, 2019 साली आलेल्या अभ्यासात जिथे पेट्या जास्त तिथे जंगली माश्यांचं फुलांवर येणं कमी दिसलं.

आणि सगळी कामं पेटीतल्या माशीला जमतही नाहीत. टोमॅटोचं फूल घ्या, त्यातला पराग नुसतं फुलावर बसून निघत नाही, फूल घट्ट धरून अंग थरथरवावं लागतं, ते भुंगे करतात.

एकूण कीटकांचं म्हणाल तर जर्मनीतल्या संरक्षित भागांत 27 वर्षांत उडणाऱ्या कीटकांचं वजन 75 टक्क्यांहून जास्त घटलं, 2017 ला हे छापून आलं, आणि हे संरक्षित भागांत हां! म्हणून मला वाटतं शहरातली जागाही आता सोडून चालणार नाही.

मग करायचं काय, तर सगळ्यात आधी थोडी माती उघडी राहू द्या. लोक झाडं लावतात पण भोवती सगळीकडे पेव्हर ब्लॉक बसवतात, मग माशीने बीळ कुठे करायचं? गच्चीवर कुंड्याच असतील तर आपल्या भागातली देशी फुलझाडं लावा, साध्या एकेरी पाकळ्यांची, कारण भरगच्च पाकळ्यांच्या फुलात बरेचदा पराग आणि मध नसल्यातच जमा असतो. फवारणी बंद. रोप आणताना नर्सरीत विचारा की औषध मारलंय का, कारण निओनिकोटिनॉइड गटातली कीटकनाशकं रोपात मुरतात आणि पार परागापर्यंत पोचतात, युरोपियन युनियनने त्यातल्या तिघांवर 2018 मध्ये उघड्या शेतात बंदी घातली ती मधमाश्यांसाठीच.

रात्रीचे दिवेही बघा. पतंगही परागीभवन करतात हे कुणी लक्षातच घेत नाही, स्वित्झर्लंडमध्ये दिवे लावलेल्या कुरणात रात्रीच्या कीटकांच्या फुलांवरच्या फेऱ्या 62 टक्क्यांनी कमी झाल्या होत्या. गच्चीवरचा दिवा गरज नसताना बंद ठेवायला तर काहीच लागत नाही.

शेजारी डंखाची भीती घालतील, तर त्यांना सांगा की एकट्या राहणाऱ्या माश्यांना राखायला पोळं नसतं त्यामुळे त्या सहसा अंगावर येत नाहीत, मुठीत दाबल्याशिवाय किंवा पायाखाली आल्याशिवाय चावायच्या नाहीत.