तांबटाचा डावा हात

प्रश्न : तुम्ही परदेशात कारागिरांसमोर बसून रेखाटनं करता. ते बसू देतात का? आणि ज्याचा हात क्षणभर थांबत नाही त्याचं चित्र जमतं कसं? फोटो काढून घरी काम केलं तर काय बिघडलं?
— कला महाविद्यालयातली विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : बसू देतात; फक्त कुठे बसायचं ते त्यांना ठरवू द्या. मोरोक्कोतल्या फेस शहरात, करवीयीन मशिदीच्या जुन्या ग्रंथालयासमोर सफ्फारीन नावाचा तांबटांचा चौक आहे. पहिल्या दिवशी मी उजेड बघून भर वाटेत स्टूल टाकलं. गल्ल्या चिंचोळ्या, सामान खेचरांवरून येतं. मागून ‘बालाक, बालाक’ असा ओरडा झाला. त्याचा अर्थ ‘बाजूला व्हा’. तो मला कळेपर्यंत गोणीच्या धक्क्याने शाईची दौत उडाली होती. समोरच्या म्हाताऱ्या तांबटाने, अजिबात न हसता, एका पालथ्या कढईकडे बोट दाखवलं. पुढचे चार दिवस माझा मुक्काम त्या कढईवर.

आता हाताचं. माझं आजोळ पुण्यात कसब्यातलं, तांबट आळीजवळ. बंब-घंगाळांच्या ठोक्यांवरच आमची दुपारची झोप लागायची, त्यामुळे हे काम आपल्याला ठाऊक आहे अशी माझी घमेंड. तीन दिवस मी हातोडीवाला उजवा हात काढत राहिलो. चित्रं मेलेली. मग लक्षात आलं, हातोडी बहुतेक एकाच जागी पडते. डावा हात दर ठोक्याला भांडं बोटभर फिरवतो. खरं काम त्याचं. फोटोत हातोडी हवेत छान दिसते, पण हे फिरणं दिसत नाही. घरी जाऊन रंग बघायला फोटो घ्या की, मीही घेतो.

आणि कान उघडे ठेवा. आगीतून काढलेलं तांबं मऊ असतं, ठोका ‘थप’ असा बसतो. ठोकून ठोकून ते कडक होतं, आवाज चढत जातो. फार ताणलं तर पत्रा तडकेल, म्हणून तांबट भांडं परत आगीत घालतो, मंद लाल होईपर्यंत. तेवढा वेळ तो स्वस्थ बसतो. चेहरा, खांदे, मांडी घालायची ढब तेव्हा उरकून घ्यायची. आवाज चढला की मी पान उलटून तयार. हात काढताना मात्र एकच ठोका पकडायच्या भानगडीत पडू नका. तीच हालचाल शंभरदा परत येते. दर वेळी एक रेघ घ्या.

चौथ्या दिवशी म्हाताऱ्याने वही मागितली. उजव्या हाताकडे त्याने बघितलंही नाही. डाव्या अंगठ्यावर काळं बोट टेकवून मान हलवली, मग माझाच हात धरून भांड्याच्या काठावर ठेवला. अंगठा आत, बोटं बाहेर. मी उलटं काढलं होतं. त्याच्या बोटाचा डाग त्या पानावर अजून आहे.