पाण्यात एक सेकंद, हवेत वीस

प्रश्न : प्रोजेक्टसाठी हेअर ड्रायरची हवा नळीतून सोडून तिचं बदलतं तापमान मोजतो आहोत. के-टाइप थर्मोकपल (दोन वेगळ्या धातूंच्या तारा जोडून केलेला तापमानाचा सेन्सर) ३ मिमीच्या स्टील शीथमधला, म्हणजे बंद नळीसारख्या आवरणातला आहे, रीडिंग मॅक्स६६७५ चिपमधून घेतो, हवेचा वेग सेकंदाला ५ मीटर. कॅटलॉगमध्ये टाइम कॉन्स्टंट एक सेकंद दिलाय, आम्हाला वीस मिळतो. सेन्सर खराब आहे का?

उत्तर : सेन्सर चांगला आहे. कॅटलॉगमधला आकडा बहुतेक वेळा वाहत्या पाण्यातला असतो. तापमान एकदम बदललं की त्या बदलाचा ६३.२ टक्के भाग गाठायला लागणारा वेळ म्हणजे टाइम कॉन्स्टंट. तो एकट्या सेन्सरचा नसतो; भोवतालचा प्रवाह किती झपाट्याने उष्णता देतो-घेतो यावरही ठरतो. हवा त्यात पाण्यापुढे फारच दुबळी. तुमच्या मापांवरून गणित केलं तरी वीस-बावीस सेकंदच येतात.

शीथवाला बाजूला ठेवा आणि ०.२ मिमी तारांचा उघडा थर्मोकपल घ्या. दोन तारा जिथे जोडतात तो मणी अर्ध्या मिमीपेक्षा मोठा नको. वेल्डिंग करताना तो फुगला की बारीक तारेचा फायदा गेला. दोन्ही बाजूंना निदान १० मिमी तार प्रवाहात उघडी राहू द्या, नाहीतर गार आधार मण्यातली उष्णता ओढून घेतो. ५ मीटर वेगाला टाइम कॉन्स्टंट पाऊण सेकंदाच्या आसपास येईल.

तो मोजूनच घ्या. ड्रायर गार हवेवर ठेवून मणी नळीच्या तोंडाशी धरा, सोल्डरिंग आयर्नचं स्वच्छ टोक टेकवून हवेपेक्षा साठेक अंश तापवा आणि आयर्न झटकन काढा. रीडिंगमधून हवेचं तापमान वजा करून त्याचा नैसर्गिक लॉग (ln) वेळेसमोर मांडा. सरळ रेषेच्या उताराचा व्यस्त (उणे चिन्ह सोडून) म्हणजे टाइम कॉन्स्टंट. पहिला बिंदू सोडा, आयर्नने प्रवाह विस्कटलेला असतो. वेग निम्मा केलात तर हा आकडा सुमारे १.३ पट होतो, तेव्हा प्रत्येक वेगाला पुन्हा मोजा.

मोजलेला आकडा मग या सूत्रात घाला: हवेचं खरं तापमान = रीडिंग + टाइम कॉन्स्टंट × रीडिंग बदलण्याचा दर. मॅक्स६६७५ची पायरी, म्हणजे रीडिंगमधला लहानात लहान बदल, पाव अंशाची. पाव सेकंदात एक पायरी हलली की दर सेकंदाला एक अंश, म्हणजे बारीक मण्यावर पाऊण अंशाची खोटी उडी, शीथवर तब्बल वीस अंशांची. त्यामुळे जाड शीथ ठेवून सूत्राने भागत नाही.

प्रश्न : दर १०० मिलिसेकंदाला वाचतो, पण आकडा हलतच नाही.

उत्तर : या चिपला थर्मोकपलच्या व्होल्टेजचं आकड्यात एक रूपांतर पुरं करायला ०.२२ सेकंदापर्यंत वेळ लागतो, आणि प्रत्येक वाचन चालू रूपांतर तोडतं. म्हणून जुनाच आकडा हाती येतो. दोन वाचनांत २५० मिलिसेकंद ठेवा.