रिअल इस्टेटचे क्षेत्र मला मानवेल का, हे नोकरी सोडण्याआधी कसे ओळखावे?

आपण लिहिले आहे की आपले वय २७ आहे, वाणिज्य शाखेची पदवी आहे, विमा कंपनीत चार वर्षे विक्रीचे काम केले आहे, लोकांशी बोलायला आवडते आणि पुण्यात सदनिकांच्या खरेदी-विक्रीचा स्वतःचा व्यवसाय सुरू करावा असे मनात आहे. मी गेली चौदा वर्षे कोथरूड, कर्वेनगर आणि वारजे या भागांत पुनर्विक्रीचे व भाड्याचे व्यवहार करतो, त्यामुळे माझे उत्तर मुख्यतः याच कामाच्या अनुभवावर आधारलेले आहे.

बोलण्याची आवड आपण गुण म्हणून नोंदवली आहे, परंतु माझ्या मते या कामात तिचे महत्त्व फार थोडे आहे. आयुष्यभराची बचत आणि वीस वर्षांचे कर्ज घेऊन घर शोधायला आलेले कुटुंब स्वतःच बोलत असते, आणि आजीला जिने चढवत नाहीत, मुलीची शाळा बदलायची नाही, गावाकडचे घर अजून विकले गेलेले नाही, हे सारे त्यांच्या बोलण्यातून टिपून घेणे हे आपले काम असते. मी आपल्याला वेगळाच प्रश्न विचारीन: गिऱ्हाईक तयार आहे, मालक तयार आहे, दलाली समोर दिसते आहे, आणि एका कागदावरून शंका आली म्हणून ‘आज टोकन देऊ नका’ असे आपण सांगू शकाल का?

हे मी स्वतः चुकून शिकलो. व्यवसायाच्या तिसऱ्या वर्षी मी एका निवृत्त गृहस्थांना दोन खोल्यांची सदनिका दाखवली. मूळ मालक वारले होते, नामनिर्देशनाच्या (नॉमिनेशनच्या) आधारे सोसायटीने भाग दाखला (शेअर सर्टिफिकेट) मुलाच्या नावावर करून दिला होता, आणि तो दाखला पाहून मी समाधान मानले. दोन लाखांचे टोकन दिले गेले. पुढे कर्जासाठी बँकेच्या वकिलांनी कागद तपासले आणि मृत मालकाच्या दोन मुलींचे हक्कसोडपत्र कोठे आहे, असे विचारले. ते नव्हतेच. नामनिर्देशित व्यक्ती ही केवळ नावामुळे एकटी मालक होत नाही, वारसांचे हक्क कायम राहतात, ही या धंद्यातील अगदी प्राथमिक गोष्ट मला तेव्हा ठाऊक असायला हवी होती. बहिणींनी सही नाकारली आणि त्या गृहस्थांचे पैसे परत मिळायला आठ महिने लागले. त्या आठ महिन्यांत ते मला एकदाही रागावून बोलले नाहीत, आणि त्याचेच मला आजही अधिक वाईट वाटते.

म्हणून कागद वाचण्याची गोडी ही माझ्या दृष्टीने पहिली कसोटी आहे. सदनिकेच्या बाबतीत इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या दस्ताचा सरकारी उतारा), आधीच्या सर्व करारांची साखळी, भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरण्यायोग्य असल्याचा सरकारी दाखला), सोसायटीची थकबाकी आणि जुने कर्ज फिटल्याचा दाखला पाहावा लागतो. जमिनीच्या बाबतीत सातबारावरील ‘इतर हक्क’ हा रकाना आणि जमीन भोगवटादार वर्ग १ ची आहे की वर्ग २ ची, हे पाहावे लागते, कारण वर्ग २ च्या जमिनीच्या हस्तांतरणाला सामान्यतः सरकारी परवानगी लागते. मालकीच्या जुन्या नोंदी तपासून शोध अहवाल देणे हे वकिलाचे काम आहे, हे खरे. पण वकिलाकडे जाण्यापूर्वी शंका उपस्थित करणारा माणूस एजंटच असायला हवा.

दुसरी कसोटी पैशाची आहे. पुनर्विक्रीत साधारणपणे एक ते दोन टक्के दलाली ठरते. साठ लाखांच्या सदनिकेवर एक टक्का म्हणजे ६० हजार रुपये. हा आकडा विम्याच्या पगारापुढे मोठा वाटतो, परंतु पहिली भेट ते दस्तनोंदणी यांत तीन-चार महिने सहज जातात, अर्ध्याहून अधिक व्यवहार मध्येच मोडतात आणि पितृपक्षात तर कोणी घराविषयी बोलतही नाही. नव्या प्रकल्पांत चॅनल पार्टनर, म्हणजे विकसकाची घरे कमिशनवर विकून देणारा एजंट, म्हणून काम केले तरी विकसकाकडून कमिशन बहुधा करारनोंदणी होऊन ग्राहकाचे ठरलेले हप्ते जमा झाल्यावरच मिळते. घरखर्चाची किमान एका वर्षाची तरतूद नसेल तर मी आपल्याला स्पष्टपणे थांबायला सांगेन. याचे कारण उपासमारीची भीती एवढेच नाही. हप्ता थकलेला एजंट शंकास्पद कागदाकडे डोळेझाक करू लागतो, आणि हे मी चांगल्या माणसांच्या बाबतीतही घडताना पाहिले आहे.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. २०१६ च्या रेरा (स्थावर संपदा नियमन) कायद्यानुसार नोंदणीकृत प्रकल्पातील विक्रीत मध्यस्थी करायची तर एजंटाची नोंदणी बंधनकारक आहे. नोंदणीशिवाय काम केल्यास दिवसाला १० हजार रुपये दंड होऊ शकतो आणि तो एकत्रितपणे त्या मालमत्तेच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. महारेराने, म्हणजे या कायद्याखालील महाराष्ट्राच्या प्राधिकरणाने, २०२३ मध्ये एजंटांसाठी प्रशिक्षण आणि परीक्षा आणली व जानेवारी २०२४ पासून त्या प्रमाणपत्राशिवाय नोंदणी मिळत नाही. या परीक्षेचा अभ्यास करताना कंटाळा येतो की उत्सुकता वाढते, हेही स्वतःकडे पाहून नोंदवून ठेवावे.

नोकरी न सोडता आपण सहा महिने एक प्रयोग करू शकता. शनिवार-रविवारी एखाद्या जुन्या, नोंदणीकृत एजंटाबरोबर फक्त भाड्याच्या घरांचे काम करा. त्यात पैसे थोडे असतात, पण घरमालक, भाडेकरू आणि सोसायटीचे सचिव या तिघांनाही सांभाळावे लागते, भाडेकराराची नोंदणी करून घ्यावी लागते आणि एकच घर बारा जणांना दाखवूनही कोणी फोन न करण्याची सवय होते. त्याच काळात दुय्यम निबंधक कार्यालयात एक अख्खा दिवस बसा आणि आपल्याच आईवडिलांच्या घराचे सगळे कागद काढून, त्यांत काय कमी आहे याची यादी स्वतः करा. ती यादी एखाद्या वकिलाला दाखवा. त्यांनी काढलेल्या त्रुटींपैकी निम्म्या जरी आपल्याला आधीच दिसल्या असतील, तर परीक्षेचा अर्ज भरायला हरकत नाही. आणि कागद नकोसे वाटले पण माणसे आवडली, तर विकसकाच्या विक्री कार्यालयातील पगारी नोकरी आपल्याला अधिक मानवेल, कारण तेथे कागद तपासण्यासाठी वेगळा विभाग असतो आणि महिन्याच्या शेवटी पगार येतो.