बाळ जन्मल्यावर रडलं नाही म्हणून 'मेलेलं जन्मलं' सांगतात, ते ठरवतात कसं? बेळगावात यावर संशोधन झालंय म्हणे, ते काय?

होय, झालंय. मी डॉक्टर नाही. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात उपकेंद्रावर एकोणीस वर्षं नर्स होते, आता निवृत्त. त्यामुळे बाळ हातात घेणाऱ्या बाईच्या बाजूनं सांगते.

'ठरवतात कसं' विचारलंत, तर पूर्वी बऱ्याचदा ठरवतच नव्हतो, धरून चालत होतो. बाळ बाहेर आलं, अंग निळंपांढरं, हातपाय लोंबते, आवाज नाही. पाय धरून उलटं करायचं, चापट्या मारायच्या. ओसरीवर एखादी म्हातारी ताट वाजवायची. कांदा फोडून नाकाशी धरलेलाही पाहिलाय. तरी रडलं नाही की रजिस्टरात 'निर्जीव जनन'च्या रकान्यात एक रेघ. (रजिस्टर कन्नडात, बाळंतिणी बहुतेक मराठी. ओळ काय लिहिली ते त्यांना वाचताही यायचं नाही.) ठोके आहेत का, हे बघायचं राहूनच जायचं.

पोटात बाळाच्या फुफ्फुसांत पाणी असतं. पहिल्या श्वासांच्या जोरानं ते हटतं आणि हवा शिरते. कळा लांबल्या, नाळ दाबली गेली, की बाळ तो श्वासच घेत नाही. हृदय मात्र लगेच थांबत नाही, आधी मंदावतं. त्या मधल्या मिनिटांत बाळ मेलेल्यासारखं दिसतं, पण मेलेलं नसतं. थोडक्यात निभावलं असेल तर कोरडं पुसून, पाठ चोळून श्वास सुरू होतो. त्यापुढं गेलं असेल तर कितीही चोळा, उपयोग नाही, तोंडा-नाकावर मास्क ठेवून हातानं दाबायच्या फुग्यानं हवाच द्यावी लागते.

बेळगावातल्या के.एल.ई. संस्थेच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजातले डॉ. शिवप्रसाद गौडर आणि सहकाऱ्यांनी नेमकं हेच तपासलं. 'हेल्पिंग बेबीज ब्रीद' हा, न रडणाऱ्या बाळाचा श्वास सुरू करायला शिकवणारा प्रशिक्षणक्रम 2010 मध्ये निघाला. कर्नाटकात प्राथमिक आरोग्य केंद्रांपासून जिल्हा रुग्णालयांपर्यंत बाळंतपणं करणाऱ्या 599 जणांना तो शिकवला आणि आधीचे-नंतरचे आकडे ताडून बघितले. 2013 मध्ये ते छापून आले. मृत जन्म 3 टक्क्यांवरून 2.3 वर. त्यातले 'ताजे', म्हणजे कातडी शाबूत असलेले, 1.7 वरून 0.9 वर. जवळजवळ निम्मे! पहिल्या महिन्यातले मृत्यू मात्र कमी झाले नाहीत, पण वाढलेही नाहीत. 'आज वाचवलेलं बाळ आठ दिवसांनी जाणारच' म्हणणाऱ्यांना माझ्या मते एवढं उत्तर पुरे. शेजारी तुलनेला प्रशिक्षण न दिलेला गट नव्हता, हेही लक्षात ठेवा.

त्या सुमारास आमचंही प्रशिक्षण झालं. रबरी बाहुली, आत कोमट पाणी भरलेलं. उचलली की मान खऱ्या बाळासारखी मागं कलंडते. शिकवणारी बाई एक बल्ब दाबायची आणि बाहुलीची नाळ बोटाखाली उडायची. बेंबीपाशी नाळ दोन बोटांत धरून ठोके बघायचे, हे इतकी वर्षं नोकरी करून मला त्या दिवशी कळलं. मग मास्क. पूर्ण दिवसांच्या बाळाला 1 नंबरचा, लहानग्याला 0. हनुवटीपासून नाकापर्यंत घट्ट बसला पाहिजे, डोळ्यांवर नको. मिनिटाला 40 ते 60 वेळा फुगा दाबायचा. छाती वर येत नसेल तर मान सरळ करून पुन्हा. हे सगळं जन्मल्यापासून एका मिनिटात सुरू व्हायला हवं. आधी माझा मास्क कडेनं सारखा फुसफुसायचा, बाकीच्या हसायच्या.

ऑक्सिजनचा सिलिंडर नसेल तर काय, ही शंका मलाही होती. दिल्लीचे डॉ. सिद्धार्थ रामजी आणि नॉर्वेचे डॉ. ओला सॉगस्टाड यांनी 1990 च्या दशकातच दाखवलं होतं की साधी हवा चालते. 2010 पासून आंतरराष्ट्रीय सूचनांतही पूर्ण दिवसांच्या बाळाला सुरुवात साध्या हवेनंच करा असं आहे.

प्रशिक्षणाहून आल्यावर मी जुनी रजिस्टरं काढून माझ्या हातच्या रेघा मोजल्या. अकरा होत्या. त्यातल्या दोघांची कातडी सुटलेली होती, ती पोटातच कधीची गेलेली. बाकी नऊ जणांची नाळ मी चाचपली नव्हती.