कट्ट्यावरची शिवी अंगणात आली तेव्हा

बेळगावच्या उद्यमबागेत लेथवर काम करणाऱ्या सत्तावीस वर्षांच्या मुलाचं पत्र आलंय. थोडक्यात असं:

"आक्का, आमच्या कट्ट्यावर 'रांडेच्या' म्हटल्याशिवाय कुणाचं बोलणं सुरू होत नाही. भांडण नसतंय, प्रेमानंच म्हणतात. मी पण म्हणायचो. दोन वर्षांमागं बाबा वारले. परवा दोस्त गाडी घेऊन आला आणि अंगणातनंच ओरडला, 'काय रांडेच्या, येतोस की न्हाई?' आई तुळशीपाशी होती. काही न बोलता आत गेली. तेव्हापासून तो शब्द मला ऐकवत नाही. दोस्तांना सांगितलं तर म्हणाले, 'बायल्यासारखं काय करूलालास? बांगड्या भर जा.' मीच जास्त मनाला लावून घेतोय काय?"

नाही रे बाळा. तुला जे टोचलं ते टोचायलाच हवं होतं.

रांड म्हणजे मुळात नवरा गेलेली बाई. आपल्या खेड्यांत विधवेला 'रंडकी' म्हणणारे अजून आहेत. सौंदत्तीच्या यल्लम्माची 'रांडाव पुनव' तुला ठाऊक असेलच, देवी त्या दिवशी विधवा झाली असं मानतात. नवरा नसलेल्या बाईच्या चालीवर संशय घेणाऱ्यांनी पुढे त्याच शब्दाची घाणेरडी शिवी केली. कन्नडमधलं 'बोळी मगा' ऐकतोस ना? बोळी म्हणजे डोकं भादरलेली विधवा, मगा म्हणजे मुलगा. १९५६ पासून आपण सीमेवरून भांडतोय, पण विधवेच्या नावानं शिवी घडवण्यात दोन्ही भाषा सारख्याच दोषी आहेत.

आता अंगणातला तो क्षण आठव. हाक तुला होती, पण शब्द आईबद्दल होता. बाबा असेपर्यंत तो तुमच्या घरात कुणाला लागत नव्हता. आता त्याचा अक्षर न् अक्षर अर्थ तिथं तुळशीपाशी उभा होता. दोस्ताच्या मनात काही वाईट नसेल, मी मानते. पण त्याचं मन आईला कसं दिसणार? तिच्यापर्यंत शब्दच पोचला.

माझी आजी खानापूरकडची, तरुणपणीच विधवा झालेली. सकाळी कुणी कामाला निघालं की ती दाराआड थांबायची. एकदा चुकून बाहेर आली तर शेजारचा माणूस 'रंडकी आडवी आली' म्हणून परत फिरला. मी सहा वर्षांची, तिच्या हाताला धरून होते. ती काही बोलली नाही, फक्त माझा हात घट्ट आवळला. तुझी आई आत गेली हे वाचलं आणि तो हात आठवला.

म्हणून बाईमाणसाशी जोडलेला प्रत्येक शब्द वाईट, असं मी म्हणत नाही. आपल्याकडच्या बायका पुरुषांसारखं 'मी जातो, मी आलो' म्हणतात, त्यात कुणाचं काही जात नाही. एखादी म्हातारी ताट वाढून 'रांडंच्या, दोन घास खाऊन जा की' म्हणते, तिला मी सुधारायला जाणार नाही. ती माया खरी असते, आणि त्या शब्दाचे चटके तिनं स्वतः सोसलेले असतात. (सटवी, भवानी ही तर देवींची नावं. त्यांच्याही शिव्या करून ठेवल्यात आपण, याचं मला फार वाईट वाटतं.)

'बायल्या' आणि 'बांगड्या भर' मात्र तुला गप्प करायलाच वापरले. आईचं दुःख समजणं हे बायकी, आणि बायकी म्हणजे हलकं, असा त्याचा अर्थ. तुझे दोस्त रोज चन्नम्मा चौकातून गाड्या नेतात. कित्तूरची ती राणी विधवाच होती. कित्तूरचं दत्तकविधान नाकारून इंग्रज १८२४ साली चालून आले, तेव्हा कित्तूरकरांनी त्यांना हरवलं, कलेक्टर थॅकरे तिथं मारला गेला.

कट्ट्यावर सगळ्यांसमोर हे सांगत बसू नकोस, चेष्टेवारी जाईल. त्या एका दोस्ताला बाजूला घे आणि एवढंच सांग, "त्या दिवशी आईनं ऐकलं गा." बहुतेक पोरं एवढ्यानं वरमतात. तू स्वतःही तो शब्द सोड. 'गा' आहे, 'लेका' आहे, दोस्तीला तेवढं पुरतं. पुन्हा कुणी दारात तसं ओरडलाच, तर तिथल्या तिथं थांबव, आईला ऐकू जाईल असं.

आईला "वाईट वाटलं काय" असं विचारू नकोस. ती नाहीच म्हणेल. "आई, तो तसं बोलला ते मला आवडलं नाही, आणि मी पण तसंच बोलायचो" असं सांग.

शिरोळ तालुक्यातलं हेरवाड आपल्यापासून फार लांब नाही. तिथल्या ग्रामसभेनं ४ मे २०२२ ला ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही. तुझ्या आईचं त्या वेळी काय काय काढून घेतलं, ते तू पाहिलं असशील. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ती आता जात नसेल, तर तिनं स्वतः सोडलं की बोलावणी थांबली, तेवढं एकदा तिच्याजवळ बसून विचार. आणि मला कळव.