खिडकी मिटते, पण काम झालं का?

प्रश्न : मी जिनिंगवर काट्याच्या पावत्या करतो. कम्प्युटरवर लिनक्स मिंट आहे. संध्याकाळी पावत्यांचं फोल्डर पेनड्राइव्हवर टाकायला पुतण्यानं दोन ओळींची स्क्रिप्ट करून दिली. पहिली कॉपी करते, दुसरी 'झालं' छापते. आयकॉनवर क्लिक केलं की काळी खिडकी येते आन् पापणी लवायच्या आत गायब. हे काहून होते? खिडकी उघडी कशी ठेवायची?
— एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : भाऊ, खिडकीचा दोष नाही. ज्या प्रोग्रामसाठी ती उघडली, तो संपला की ती मिटते. एरवी तुम्ही टर्मिनल, म्हणजे हीच काळी खिडकी, उघडता तेव्हा आत बॅश (टाइप केलेले हुकूम चालवणारा प्रोग्राम) तुमच्या हुकमाची वाट पाहत बसलेला असतो, म्हणून ती राहते. आयकॉनवरून फक्त स्क्रिप्ट चालते. दोन ओळी झाल्या, खेळ खलास.

स्क्रिप्टच्या शेवटच्या ओळीत 'रीड' लिहा, इंग्रजी लहान अक्षरांत. एंटर दाबेपर्यंत खिडकी हलणार नाही. टर्मिनलच्या प्रेफरन्सेसमध्ये, प्रोफाइलच्या 'कमांड' टॅबमध्येही ती उघडी ठेवायची सोय आहे. पण मग प्रत्येक खिडकी हातानं बंद करावी लागते. मी आठ दिवसांत कंटाळलो.

मला खटकलं ते तुमचं 'झालं'. पेनड्राइव्ह भरलेला असला तरी दुसरी ओळ 'झालं' म्हणणारच. पहिलीचं काय झालं हे ती विचारतच नाही. असंच 'झालं' वाचून मी अकरा दिवस निर्धास्त होतो, पेनड्राइव्ह पहिल्याच दिवशी भरला होता! दोन्ही ओळी जोडून मध्ये && टाका. कॉपी नीट झाली तरच 'झालं' दिसेल.

शिवाय आपल्याकडची लाईन. ती गेली की उघड्या खिडकीतला मजकूरही गेला. म्हणून बॅशचीच आणखी एक छोटी स्क्रिप्ट करा : जुनीचं पूर्ण पाथसह (कोणत्या फोल्डरात आहे त्यासह) नाव, पुढे |&, मग 'टी' हा हुकूम (स्पेलिंग टी-ई-ई), -ए आणि नोंदीच्या फाइलचं नाव. 'रीड' आता हिच्या शेवटी, आणि आयकॉनही हिचाच. ठिबकच्या पाइपाला टी लावतो ना, एक धार इकडे, एक तिकडे, त्याच टीवरून हे नाव पडलं. मजकूर पडद्यावर दिसतो आणि फाइलमध्येही उतरतो, चुकांचे संदेशसुद्धा. -ए विसरलात तर कालची नोंद पुसली जाईल.

आणि 'झालं' दिसलं म्हणून पेनड्राइव्ह लगेच उपटू नका, आधी इजेक्ट करा. लिनक्स थोडा मजकूर मेमरीत धरून मागाहून लिहितो.